संगणकावर व्हॉट्सॲप जोडताना ८६,२५० रुपये कसे गेले

माझ्या नावाने, माझ्याच व्हॉट्सॲप खात्यावरून, माझ्याच माणसांना संदेश पाठवून एका भामट्याने ८६,२५० रुपये उकळले. त्यांतले ४८,५०० माझ्या मावसभावाचे, २५,००० एका जुन्या मैत्रिणीचे आणि १२,७५० पूर्वी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचे. माझ्या स्वतःच्या बँक खात्यातून एक रुपयाही गेला नाही आणि पुढे प्रत्येक टेबलावर नेमकी हीच गोष्ट माझ्या विरोधात वापरली गेली. हे सगळे उघडपणे लिहिताना लाज वाटते, तरीही लिहीत आहे, कारण या प्रकारात ओटीपी लागत नाही, कोणाचा फोन येत नाही, कसलीही फाईल उतरवून घ्यावी लागत नाही, आणि म्हणून आपण सावध असतो त्या कोणत्याच ठिकाणी तो आपल्याला भेटत नाही.

आधीच सांगते, बक्षीस लागल्याच्या संदेशाला भुलणाऱ्यांतली मी नाही. ओटीपी मी घरातल्या माणसालाही सांगत नाही. व्हॉट्सॲपची दोन टप्प्यांची पडताळणी माझ्या फोनवर कधीपासूनच चालू होती, तिचा सहा आकडी पिन मला पाठ होता आणि त्या जोरावर मी निर्धास्त होते. हा पिन आपला क्रमांक दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवताना विचारला जातो, संगणक जोडताना तो विचारलाच जात नाही, हे मला पैसे गेल्यावर कळले. जिथे कुलूप होते त्या दाराने चोर आलाच नाही.

प्रसंग अगदी साधा होता. कामाचे लांबलचक मजकूर फोनवर टंकण्याचा कंटाळा आला होता, म्हणून व्हॉट्सॲप संगणकावर उघडायचे ठरवले. ही सोय २०१५ पासून आहे आणि तोपर्यंत मी ती फक्त दुसऱ्यांच्या टेबलावर पाहिली होती. शोधयंत्रात नाव टाकले आणि सगळ्यांत वर आलेल्या दुव्यावर क्लिक केले. त्या दुव्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, म्हणजे ती पैसे मोजून वर आणलेली जाहिरात होती. पान उघडले ते हुबेहूब खरे: तोच हिरवा रंग, त्याच सूचना, तोच चौकोनी काळा-पांढरा कोड, आणि पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्हसुद्धा. या कुलपावर आता कोणी विश्वास ठेवू नये. पानाशी होणारी देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. पान कोणाचे आहे याची ग्वाही ते देत नाही आणि ते भामट्यालाही फुकट मिळते.

मी फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ म्हणजे जोडलेल्या उपकरणांचे पान उघडले, अंगठ्याचा ठसा दिला आणि कॅमेरा पडद्यावर धरला. त्या क्षणी काय घडले ते नीट समजून घ्या, कारण तक्रार घेणाऱ्यांपैकी एकालाही ते शेवटपर्यंत समजले नाही. तो कोड म्हणजे कुठल्याशा ब्राउझरने ‘मला या खात्याशी जोडून घ्या’ म्हणून केलेला अर्ज असतो आणि तो स्कॅन करणे म्हणजे त्या अर्जावर मंजुरीची सही करणे. माझी समजूत अशी की अर्ज माझ्या संगणकाचा आहे. प्रत्यक्षात भामट्याने स्वतःच्या संगणकावर खरे संकेतस्थळ उघडून ठेवलेले होते, तिथे दिसणारा कोड तो आपल्या खोट्या पानावर मला दाखवत होता आणि खरा कोड थोड्या-थोड्या वेळाने बदलतो तसा खोट्या पानावरचाही बदलत होता. मी माझ्या फोनने, माझ्या ठशाने, त्याच्या संगणकाला माझ्या खात्यात घेतले.

त्यानंतर खोट्या पानावर चक्र फिरत राहिले आणि मग ते पान आपोआप खऱ्या संकेतस्थळावर गेले, जिथे नवा कोड माझी वाट पाहत होता. पहिल्या वेळी नेट अडखळले असेल असे वाटून मी पुन्हा स्कॅन केले आणि या वेळी माझे सगळे संवाद संगणकावर उमटले. काम झाले, म्हणून मी समाधानी.

आता ज्या क्षणाने मला अजूनही झोप लागत नाही त्याच्याकडे येते. सगळे बरोबर जोडले गेले आहे ना, हे पाहण्यासाठी मी फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली होती. म्हणजे जी काळजी घ्या असे आता मला सगळे ऐकवतात, ती मी तेव्हाच घेतली होती. यादीत एका संगणकाऐवजी दोन नोंदी होत्या, दोन्हींवर एकाच ब्राउझरचे नाव होते आणि दोन्ही नोंदी चालू असल्याचे दिसत होते. पहिला प्रयत्न फसला त्याचीच ती जुनी नोंद असणार, असे मी स्वतःला सांगितले आणि यादी बंद केली. फसलेल्या प्रयत्नाची नोंद यादीत येईलच कशी, आणि आली तरी ती चालू कशी दिसेल? एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या नोंदीवर बोट ठेवून ‘लॉग आउट’ म्हटले असते, तर ८६,२५० रुपये वाचले असते. पण पहिल्यांदाच संगणक जोडणाऱ्या माणसाने यादीत किती नोंदी दिसायला हव्यात हे आधीच ठाऊक असायला हवे, असे म्हणणारे लोक मला विलक्षण हुशार वाटतात.

भामट्याने लगेच काहीही केले नाही. नवा संगणक जोडला की फोन त्याला अलीकडच्या संवादांची प्रत पाठवतो, त्यामुळे वाचायला त्याच्याकडे भरपूर मजकूर होता. मी कोणाशी कशी बोलते, कोणाला नावाने हाक मारते, मावसभावाला ‘दादा’ म्हणते, मैत्रिणीशी वाक्ये अर्धी तोडून लिहिते, हे त्याने शांतपणे शिकून घेतले. मग एका दुपारी त्याने मावसभावाला लिहिले, “दादा, माझ्या बँकेचं ॲप आज चालत नाहीये, एकांचे पैसे द्यायचेत, या नंबरवर ४८,५०० टाकशील का? उद्या सकाळी देते.” दादाने एकही प्रश्न विचारला नाही, कारण मी त्याच्याकडे कधी पैसे मागत नाही आणि मागितले म्हणजे खरीच अडचण असणार, हा त्याचा माझ्यावरचा विश्वास होता. विकला गेला तो हा विश्वास.

हे संदेश माझ्या फोनवर मला कसे दिसले नाहीत, असे प्रत्येकाने विचारले आणि विचारताना आवाजात थोडा संशयही होता. उत्तर असे की संदेश पाठवताच भामटा तो संवाद ‘अर्काइव्ह’मध्ये टाकत होता. तिथे गेलेला संवाद, सेटिंग बदललेले नसेल तर, नवा संदेश आला तरी मुख्य यादीत परत येत नाही आणि त्याची घंटाही वाजत नाही. सगळे माझ्याच फोनमध्ये होते, फक्त मी कधी उघडत नाही त्या कप्प्यात. आज हे वाचून झाल्यावर तो कप्पा एकदा उघडून पाहा.

उलगडा झाला तो आत्यामुळे. तिलाही संदेश गेला होता, पण तिला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून तिने सरळ मला फोन लावला, “अगं, दहा हजार कशाला हवेत तुला? बँकेत जाऊन भरू का?” जिला आम्ही सगळे ‘आत्या, शिकून घे गं आता’ म्हणून चिडवत होतो, तिचेच पैसे वाचले. हातपाय गार पडले होते, तशातच मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फोन बंद केला. फोन बंद झाला की संगणकावरचे व्हॉट्सॲपही बंद पडते, हे माझ्या डोक्यात पक्के होते, आणि ते चूकही नव्हते, कारण पूर्वी तसेच होते. २०२१ पासून ही व्यवस्था बदलली आहे. आता जोडलेला संगणक फोनशिवाय स्वतंत्रपणे चालतो आणि मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर मग ती जोडणी सुटते. माझा फोन बंद होता तेवढ्या वेळात सहकाऱ्याचे १२,७५० गेले. म्हणून लक्षात ठेवा, अशा वेळी फोन बंद करायचा नाही, तो चालू ठेवून यादी उघडायची आणि एकूण एक नोंद काढून टाकायची. आपली कोणती, परकी कोणती, याचा विचार नंतर करता येतो.

यानंतरचा छळ भामट्याने केलेला नाही, तो मदतीसाठी बसवलेल्या माणसांनी केला आहे. मावसभावाच्या बँकेने सांगितले की व्यवहार खातेदाराने स्वतः, स्वतःचा पिन टाकून केलेला आहे, त्यामुळे तो अनधिकृत ठरत नाही. माझ्या बँकेने सांगितले की माझ्या खात्यातून काहीच गेलेले नाही, तर मी आलेच कशाला? ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेने सांगितले की आम्ही फक्त आमच्या ग्राहकाशी बोलतो. म्हणजे चोर त्यांचा ग्राहक असल्यामुळे त्याच्याशी ते बोलणार आणि आमच्याशी नाही!

पोलीस ठाण्यात तर याहून कठीण झाले. मला सांगण्यात आले की पैसे ज्याचे गेले त्यानेच तक्रार द्यायची असते. मावसभाऊ दुसऱ्या शहरात राहतो. तो तिथल्या ठाण्यात गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की खाते जिचे चोरले गेले तिने तिच्या हद्दीत तक्रार द्यावी. आम्ही दोघे आपापल्या ठाण्यांत एकाच वेळी बसून, फोनवर एकमेकांना साहेब काय म्हणाले ते सांगत होतो. शेवटी सायबर कक्षाकडे पाठवले गेले, तिथल्या अर्जात ‘ओटीपी कोणाला दिला’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना आणि मी ओटीपी दिलेलाच नाही हे त्या अर्जाला मान्य होईना. संशयिताचे नाव हाही सक्तीचा रकाना. एका अधिकाऱ्यांनी मला समजावून सांगितले की व्हॉट्सॲपचे संदेश एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळे ते कोणी वाचूच शकत नाही आणि माझ्याच घरातल्या कोणीतरी हे केले असावे. एन्क्रिप्शन २०१६ पासून सगळ्यांना आहे, हे मलाही माहीत आहे. ते वाटेत चोरून वाचणाऱ्याला अडवते, मी स्वतः मंजूर केलेल्या उपकरणाला ते का अडवेल? हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावले आणि साहेबांनी ‘मॅडम, पुढच्या वेळी काळजी घ्या’ असे म्हणून चहा मागवला. त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे.

पुढची वेळ म्हणजे काय? जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते की ‘स्टार ब्लिझार्ड’ नावाच्या हेरगिरी करणाऱ्या टोळीने एका व्हॉट्सॲप गटात सामील होण्याचे आमंत्रण असल्याचे भासवून असाच कोड स्कॅन करायला लावला होता, आणि तो स्कॅन करणाऱ्याचे खाते टोळीच्या संगणकाशी जोडले जात होते. त्यांचे लक्ष्य सरकारी आणि मुत्सद्दी वर्तुळांतली माणसे होती. पुढच्याच महिन्यात गूगलच्या सुरक्षा तज्ज्ञांनी सिग्नल या ॲपच्या बाबतीत हाच प्रकार नोंदवला. म्हणजे ही युक्ती जगाला ठाऊक होती आणि जिथे ती सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवी, त्या टेबलावर मला तिचे चित्र काढून दाखवावे लागले.

पत्ता शोधून जाऊ नका. ‘वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत स्वतः टंकून उघडा आणि ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा. गटात सामील व्हा, मत द्या, फोटो पाहा, असे सांगून कोणी ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडायला लावले तर तिथेच थांबा, कारण गटात जायला त्या पानाची गरज कधीच पडत नाही. कोडऐवजी फोन क्रमांकाने जोडण्याचीही सोय आता आहे. तिच्यात आठ अक्षरांचा संकेत फोनमध्ये भरावा लागतो आणि तो दुसऱ्या कोणी सांगितलेला असेल तर तोही तसाच घातक आहे. नोंद काढून टाकली म्हणजे सगळे मिटले असे समजू नका, त्याने आधीच वाचलेले त्याच्याकडेच राहते. माझ्या संवादांत ओळखपत्रांचे आणि एका बँक कार्डाचे फोटो होते, ते कार्ड मला रद्द करावे लागले आणि ओळखपत्रे रद्द करण्याची सोय नाही.

ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाकडून तरी भाड्याने घेतलेले होते, असे आता सांगतात. त्यात ३,१४० रुपये गोठवलेले आहेत आणि तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत. मैत्रिणीचे आणि सहकाऱ्याचे पैसे मी माझ्या शिलकीतून फेडले. दादा घ्यायला तयार नाही, तरी त्याचेही देणार आहे.

माझ्या ओळखीच्यांपैकी ज्यांना माझ्या नावाने पैशांची मागणी आली, पण ज्यांनी दिले नाहीत, त्यांनी तो संदेश कृपया पुसू नये. त्यातला पैसे टाकायचा क्रमांक वेगळा असेल, तर मला तो तक्रारीला जोडायचा आहे.