आयपीडी (भरती पेशंटची) फार्मसी, घोडबंदर रोड: वरच्या मुलीला ५ स्टार, खालच्या खिडकीला २

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. दोन सिरिंजच्या रिटर्नवरून त्यांच्याशी अजून माझं भांडण चालू आहे, ते मिटेपर्यंत नाव नको. घोडबंदर रोडवरचं आहे एवढं पुरे. डॉक्टर, सिस्टर, कॅन्टीन यावर सगळेच लिहितात, मी फक्त औषधांच्या खात्याबद्दल लिहितेय कारण सहा दिवस माझं सगळ्यात जास्त काम त्यांच्याशीच पडलं.

झालं असं की गुरुवारी रात्री अप्पांना (माझे सासरे, वय ७४) छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, वर्तकनगरहून निघालो, कापूरबावडीला नेहमीचं ट्रॅफिक, कसेबसे पोचलो. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं आणि क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनीही कमजोर, म्हणून डॉक्टर म्हणाले अँजिओग्राफीची घाई नको, आधी औषधांवर ठेवू. इमर्जन्सीत सिस्टरने वजन विचारलं, मी म्हटलं ७०. एकदम ठामपणे. हे ७० लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

शुक्रवारी सकाळी पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी आली, हातात पॅड. आम्हाला वाटलं डाएटिशियन, सासूबाई लगेच सुरू, यांना भाकरीच लागते, सूप नको. ती हसली आणि म्हणाली मी क्लिनिकल फार्मासिस्ट, आजोबांची घरची औषधं आणलीयेत का? अप्पा म्हणाले, म्हणजे मेडिकलवाली? तर म्हणे हो आजोबा, तसंच, फक्त काउंटर नाही माझा. नंतर गप्पांत कळलं की सहा वर्षांचा फार्म डी नावाचा कोर्स असतो, पाच वर्षं कॉलेज आणि एक वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप, आपल्याकडे २००८ पासून सुरू झालाय. मला ठाण्यात इतकी वर्षं राहून असा कोणी माणूस असतो हेच माहीत नव्हतं, मला वाटायचं फार्मासिस्ट म्हणजे खिडकीतून स्ट्रिप मोजून देणारा.

आम्ही कपड्याच्या दुकानाची एक पिशवी भरून गोळ्या नेल्या होत्या. तिने ती जेवणाच्या टेबलावर पालथी केली. अर्ध्या स्ट्रिप कात्रीने कापलेल्या, कापताना एक्स्पायरीची तारीखच गेलेली, त्या तिने सरळ बाजूला काढल्या. बाकीच्यांचं एका कागदावर लिहीत गेली, नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, कोणी लिहून दिली, शेवटची कधी घेतली. "शेवटची कधी घेतली" हे आतापर्यंत आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं. त्यात निघालं की अप्पा बीपीची अॅम्लोडिपिन दोनदा घेत होते, एक फॅमिली डॉक्टरांनी दिलेली साधी, आणि दुसरी नंतरच्या डॉक्टरांनी दिलेल्या टेल्मिसार्टनच्या कॉम्बिनेशनमध्ये बसलेली. नावं वेगळी, रंग वेगळे, कोणाच्या लक्षात येणार. पाय सुजतात म्हणून आम्ही सहा महिने मीठ कमी करत होतो आणि ती म्हणाली डबल अॅम्लोडिपिननेही सूज येते.

आणि मग तिने विचारलं, मीठ कुठलं वापरता? सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, कमी सोडियमवालं, बीपीसाठी चांगलं असतं, महाग आहे पण आणतो. ती थांबली. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घालतात म्हणे, किडनी धड असेल तर ठीक, पण किडनी अशी, वर टेल्मिसार्टन, तेही पोटॅशियम वाढवतं, आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.६, म्हणजे आधीच जास्त आलेलं. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. ती लगेच म्हणाली, आजी तुमची काही चूक नाही, पुड्यावर लहान अक्षरात लिहिलेलं असतं, कोण वाचतं.

आता वजन. अप्पांना रक्त पातळ करायचं एनोक्सापॅरिन नावाचं पोटात टोचायचं इंजेक्शन चालू केलं होतं, ६० मिलिग्रॅमचं, दिवसातून दोनदा, गुरुवारी रात्री पहिला डोस झालेला. हिने फाइल बघितली आणि म्हणाली ७० किलो कोणी सांगितलं? मी सांगितलं. तिने अप्पांकडे बघितलं, काही बोलली नाही, वॉर्डबॉयला खुर्चीवाला वजनकाटा आणायला लावला. ५८ भरले. दोन वर्षांपूर्वीचं वजन मी ठोकून दिलं होतं, मधल्या काळात माणूस बारा किलो उतरला आणि घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही, रोज समोर असतात ना.

मी बँकेत आहे, आकडे दिसले की हात शिवशिवतात, म्हटलं याने काय फरक पडतो, दाखव. तिने किडनी किती काम करते याच्या अंदाजाचं गणित पॅडवर मांडून दाखवलं: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. मी मोबाईलवर केलं. ७० किलो धरले तर ३०.६ येतं. ५८ धरले तर २५.३. आणि या इंजेक्शनची रेघ ३० वर आहे, ३० च्या खाली गेलं की किडनी ते वेळेत बाहेर टाकत नाही, अंगात साठतं, ब्लीडिंगची भीती, म्हणून दोनदाच्या ऐवजी एकदाच द्यायचं. म्हणजे माझ्या एका ठाम उत्तराने अप्पा रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसले होते. तिने सकाळचा डोस सिस्टरला थांबवायला सांगितला, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, दहा मिनिटांत डॉक्टर आले, चार्टवर बदल करून सही. ती स्वतः काही बदलत नाही हे तिने दोनदा सांगितलं, मी फक्त दाखवते, ठरवतात सर. पण दाखवणारंच कोणी नसतं तर.

त्याच फेरीत टेल्मिसार्टनवाली गोळी बंद झाली आणि अॅसिडिटीचं ओमेप्राझोलही. ते नवीन सुरू केलेल्या क्लोपिडोग्रेलचा (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी) असर कमी करतं, म्हणून पँटोप्राझोल. शुगरची मेटफॉर्मिन किडनीमुळे डॉक्टरांनी आधीच थांबवली होती, तिच्या जागी इन्सुलिन. जाताना तो कागद तिने मला दिला, चालू औषधं वर, बंद झालेल्यांवर आडवी रेघ आणि बाजूला कारण, चक्क मराठीत.

इथपर्यंत ५ स्टार. आता खाली या.

ही मुलगी रविवारी नसते. रविवारी वॉर्डचा चार्ट नवीन पानावर उतरवला, तो बहुतेक जुन्या ओपीडी फाइलवरून, कारण सकाळच्या कपात टेल्मिसार्टनवाली कॉम्बिनेशन गोळी परत हजर. बीपी आधीच १०० च्या आसपास. मी तो कागद काढून सिस्टरला दाखवला, ही तर काट मारलेली आहे. सिस्टर चांगल्या होत्या, वाद घातला नाही, गोळी बाजूला ठेवली, आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) बोलावलं, त्यांनी काढून टाकली. पण कागद माझ्या पर्समध्ये नसता तर? एवढ्या बेडच्या हॉस्पिटलात रविवारी आजारी माणसं सुट्टीवर जातात का?

दुसरं म्हणजे तळमजल्याची खिडकी. ओपीडी आणि आयपीडी एकच लाईन. वरून सिस्टर म्हणणार इंडेंट (औषधांची मागणी) टाकलाय, खालून म्हणणार सिस्टिमला दिसत नाही, मध्ये नातेवाईक लिफ्टमध्ये वरखाली. शनिवारी रात्री उलटीचं साधं इंजेक्शन यायला दीड तास, अप्पा कोरड्या उलट्या काढून दमले. खिडकीतल्या मुलांचा दोष नाही, रात्री दोनच जण असतात, एक बिल करतो आणि एक माल काढतो. पण एक गोष्ट मान्य करते, माल काढताना बघितलाय मी, सारख्या नावाच्या औषधांचे डबे मुद्दाम लांब ठेवलेले, पोटॅशियमच्या अँप्युलवर लाल स्टिकर आणि कपाटाला कुलूप, फ्रिजवर दर पाळीचं तापमान लिहिलेलं. कामाची शिस्त आहे, माणसं कमी आहेत. येथूनच औषध घेणं बंधनकारक नाही अशी पाटीही आहे, तिच्यासमोर सलाईनचे खोके रचलेत त्यामुळे मान वाकडी करून वाचावी लागते.

डिस्चार्ज मंगळवारी. डॉक्टर साडेदहाला म्हणाले जा, आम्ही निघालो सव्वापाचला. मला माहीत होतं की कॅशलेसमध्ये २०२४ पासून विमा कंपनीला ३ तासांत फायनल अप्रूव्हल द्यावं लागतं, म्हणून टीपीए डेस्कवर (विम्याचे कागद बघणारी खिडकी) जरा आवाज चढवला. तर तिथल्या बाई शांतपणे म्हणतात, मॅडम ते ३ तास आम्ही रिक्वेस्ट पाठवल्यापासून, आणि फार्मसी क्लिअरन्स, म्हणजे औषधांचा हिशोब मिटल्याचं, आल्याशिवाय रिक्वेस्ट जात नाही. क्लिअरन्स आलं दोनला. म्हणजे घड्याळ सुरूच झालेलं नाही.

क्लिअरन्स का अडकलं तर रिटर्न, न वापरलेली औषधं परत करण्याचा हिशोब. एनोक्सापॅरिनच्या सिरिंज पहिल्याच दिवशी दहा आल्या होत्या, दिवसाला दोनच्या हिशोबाने पाच दिवसांच्या. लागल्या पाच, गुरुवार ते सोमवार. पाच सीलबंद परत गेल्या, वॉर्डच्या रजिस्टरला पाचची नोंद आणि सही आहे, मी फोटो काढलाय. बिलात रिटर्न तीन. वरचा म्हणतो दिल्या, खालचा म्हणतो मिळाल्या नाहीत. विम्यातून जातंय ना मॅडम, असंही एकाने ऐकवलं. अहो, सम इन्शुअर्ड आमचीच आहे, वर्षभर पुरवायची आहे.

या सगळ्या गोंधळात ती मुलगी परत वर आली, इन्सुलिन समजवायला. उघडलेली वायल आमच्याच नावावर असल्याने घरी देतात. वायल ४० ची (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) आहे, सिरिंज लाल टोपीचीच घ्यायची, केशरी टोपीची १०० ची असते, तिच्यावर तेवढेच आकडे बघून भरलं तर निम्म्याहूनही कमी इन्सुलिन जाईल. फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको, उघडल्यापासून २८ दिवस. मग अप्पांना म्हणाली आता तुम्ही सांगा मला, आणि अप्पांनी पाढे म्हटल्यासारखे सांगितले. त्याच संध्याकाळी आमच्या नाक्यावरच्या मेडिकलने सिरिंज दिल्या त्या केशरी टोपीच्या. अप्पांनीच पाकीट बघून परत पाठवल्या, लाल आण म्हणाले.

एकूण ५ पैकी साडेतीन. तिथे कोणाला अॅडमिट केलंत तर पहिल्या दिवशीच क्लिनिकल फार्मासिस्टला बोलवा असं सिस्टरला सांगा, आणि वजन काट्यावर करून घ्या, माझ्यासारखं तोंडी सांगू नका. दोन सिरिंजचे पैसे आले की इथेच एडिट करून अर्धा स्टार वाढवीन. आज अकरावा दिवस, मेलला उत्तर आलंय की युवर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस.