पिकअपचा एअर फिल्टर: दसरा ते गणपती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिकअपला इंजिनाच्या हवेचा लाल कापडी फिल्टर बसवला, तेव्हा त्यावर काही लिहावं असं डोक्यातही नव्हतं. मार्चअखेरीस चोरलच्या घाटात, मागे सव्वा टन पाइप आणि ठिबकची वेटोळी असताना, गाडीनं भसकन काळा धूर सोडला, चेक लाइट पेटला आणि तिसऱ्याच्या वर गिअर घेईना. मागच्या डंपरवाल्यानं हॉर्नवरूनच माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्या दिवशी ठरवलं, लिहायचं.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पुढे सर्व्हिसवाल्यांबद्दल बोलणार आहे आणि मला अजून तिथेच जायचंय. अडीच लिटरची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा), बीएस-सिक्स. तुमच्यातल्या निम्म्यांकडे तीच असेल.

आमचं पाइपचं दुकान आहे. माल इंदूरहून सिमरोल, बडवाह, सनावदच्या शेतांवर जातो. इंदूरचा स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर, अभिमान आहेच. पण शहराच्या टोकाचं तेजाजी नगर ओलांडलं की तो नंबर संपतो. रस्त्याचं चौपदरीकरण, डंपरांची रांग, आणि रस्ता सोडून शेतात उतरलं की माळव्याची काळी माती. ही माती वाळली की टाल्कम पावडर होते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, मार्च-एप्रिलात गव्हाचा भुसा. आमच्या गाडीचा फिल्टर म्हणजे चाळणीच.

आता लाल फिल्टर का घेतला? कंपनीचा कागदी मला ६२० रुपयांना पडतो, वर्षाला दोन. लाल कापडी ५,४०० चा, पण 'आयुष्यभर धुवा आणि वापरा'. आमच्या घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालतात. 'धुवा' शब्द ऐकला आणि मी विरघळलो. धुण्याचं लिक्विड आणि वर मारायचं तेल वेगळं, १,१५०. हिशेब तिथेच करायला हवा होता: पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागणार होती. बाबांनी केला होता तो. मी ऐकला नाही.

पहिला महिना मजेत गेला, खोटं कशाला बोलू. टर्बोची शिटी केबिनमध्ये ऐकू यायला लागली. गाडी हलकी झाल्यासारखी वाटायची. ड्रायव्हर म्हणाला, "भिया, पिकअप बढ़ गया." मायलेज १२.४ चं १२.५ झालं; तेवढा फरक तर पंपावरचा मुलगा नोझल कधी सोडतो त्यानंही पडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये पेट्रोल गाड्यांवर हेच तपासलं होतं: इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरनंही मायलेज फारसं पडलं नाही, वेग घेण्यात मात्र फरक पडला. माझी डिझेल आहे, पण 'फिल्टर बदला, मायलेज वाढवा' म्हणणाऱ्यांना हे सांगून ठेवतो.

डिसेंबरात पहिल्यांदा धुतला. गच्चीवर वाळवला, तेल मारलं. बाटलीवर लिहिलं होतं थोडं मारा. मी पोह्यांवर शेव टाकावी तसं मारलं.

मार्चात घाटातून गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडलं, लाल रंग बघितला आणि फाइल मिटली. "साब, आपने बाहर का फिल्टर डाला है, वारंटी में नहीं आएगा." टर्बोचं कोटेशन ४८,०००. मी तासभर भांडलो. चहा मिळाला, बाकी काही नाही.

गाडी तशीच रखडत ट्रान्सपोर्ट नगरला आमच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट काळं. "भिया, ये देखो, आपका खेत."

फिल्टरच्या पुढचा तो पाइप चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखा हवा. तिथे बोटाला माती लागली म्हणजे माती टर्बोच्या पात्यांवर, पात्यांवरून सिलिंडरमध्ये आणि शेवटी ऑइलमध्ये गेली. हवा मोजणाऱ्या सेन्सरची बारीक पट्टी तर तेल आणि मातीच्या खरपुडीखाली दिसतच नव्हती. सेन्सरला हवा कळेना, मग कंप्युटरनं भलताच अंदाज धरला आणि त्याचा धूर झाला. सेन्सर स्प्रेनं साफ केला, धूर गेला. टर्बोच्या पात्यांच्या कडा किंचित खरवडलेल्या, शाफ्टला थोडा खेळ, पण "चलेगा". एकूण खर्च ६,२००. लाल फिल्टर मी तिथेच काढून पिशवीत टाकला आणि कोणी कापडी फिल्टर घ्यायचा म्हणालं तर हात जोडून नको म्हणा, असं इथे लिहून ठेवलं.

वरचं सगळं एप्रिलमध्ये रागात लिहिलं होतं. आता गणपती आलेत आणि मत बदललंय. पूर्ण नाही, पण बदललंय. वरचं खोडत नाही, राहू दे.

झालं असं की नवा कागदी फिल्टर बसवून आठच दिवसांत मी पुन्हा पाइपात बोट घातलं. पुन्हा काळं! लाल फिल्टर तर पिशवीत होता.

मग फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याकडे नीट बघितलं. झाकणाला चार क्लिपा. तीन जागेवर, चौथीच्या जागी बाइंडिंग वायर. जानेवारीच्या सर्व्हिसला तिथल्या पोरानं क्लिप तोडली होती आणि सळ्या बांधायची वायर पिळून दिली होती. ड्रायव्हरनं तेव्हाच मला फोटो पाठवला होता. मी 'हो' लिहून पुढचा मेसेज बघितला होता. चूक माझीही आहे, पण पंधरा टक्केच. त्या कोपऱ्यात फिल्टरच्या रबराच्या कडेखाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती, आणि हवा म्हणजे आमच्यासारखीच, जिथे फुकट वाट मिळते तिथूनच जाणार. मग कागद असो, कापड असो की सोन्याची जाळी.

तसल्या एका क्लिपेचं वजन मी दुकानाच्या काट्यावर केलं: चौदा ग्रॅम. सुटी मिळत नाही. साहेब म्हणाले, पूर्ण डबा घ्यावा लागेल, ४,२००. चौदा ग्रॅमच्या पत्र्यासाठी! मी त्यांना जानेवारीचा फोटो दाखवला. "वायर टाइट तो है ना, साब." महिनाभर मी त्या क्लिपेशिवाय दुसरं बोललो नाही. बायको म्हणाली, क्लिपेला रेशनकार्डात घाला. शेवटी भंगारात त्याच मॉडेलचा फुटका डबा मिळाला, ३०० रुपयांना, चारही क्लिपांसकट. एक बसवली, तीन गल्ल्यात ठेवल्यात. फोटोच्या जोरावर सर्व्हिसवाल्यांनी पुढच्या सर्व्हिसची मजुरी माफ केली, चूक मात्र कबूल केली नाही.

क्लिप लागल्यावर पंधरा दिवसांनी बोट घातलं. कोरडं, स्वच्छ.

म्हणजे लाल फिल्टर निर्दोष? तसंही नाही. तेल मी जास्त मारलं ते माझं पाप. पण आमच्या मातीला कापड पुरत नाही, हे माझं मत कायम आहे. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो, कापडी त्यामानानं मोकळा, म्हणून तर त्यातून हवा सुखानं जाते. डांबरी रस्त्यावर शहरात फिरणाऱ्यानं लावावा, शिटी ऐकावी. अडीच लिटरचं इंजिन २,५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) मिनिटाला तीन हजार लिटरहून जास्त हवा ओढतं, टर्बोचा दाब सोडूनच. खळ्याशेजारी उभी गाडी किती भुसा खात असेल, तुम्हीच बघा.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. फिल्टर किती चोंदलाय हे मोजायला दुकानातच सामान होतं. गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी घेतली, फळीवर यू आकारात ठोकली, पाणी भरलं, दिसायला त्यात आईचं कुंकू टाकलं (आई देवळात असताना). एक टोक डब्याच्या स्वच्छ बाजूला, ठिबकच्या मायक्रोट्यूबचा कनेक्टर लावून जोडलं, दुसरं मोकळं. इंजिन हवा ओढतं तसं एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही पातळ्यांतला फरक म्हणजे फिल्टरचा अडथळा. मोजून झालं की भोकाला ठिबकचं बूच, नाहीतर नवी फट आपणच करून ठेवायची. पहिल्या वेळी नळी तोकडी पडली आणि अर्धी वाटी कुंकवाचं पाणी इंजिननं पिऊन टाकलं. काही झालं नाही, पण माझे पाय लटपटले.

उभ्या गाडीत ३,००० आरपीएमला: नवा कागदी १४० मिलिमीटर, लाल १२०. या वीस मिलिमीटरसाठी मी ५,४०० मोजले होते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथला हवेचा दाब पाण्यात मोजला तर साधारण ९,७०० मिलिमीटर. वीस म्हणजे त्यातले ०.२ टक्के. नर्मदाकाठावरून इंदूरला वर येताना नुसत्या चढानंच हवा चारशेएक मिलिमीटरनं विरळ होते. 'पिकअप बढ़ गया' तो कानात वाढला होता.

याहून मोठा धक्का पुढे होता. १४ हजार किलोमीटर चाललेला, काळा दिसतो म्हणून फेकायला काढलेला कागदी फिल्टर लावला: १६५. उभ्या गाडीत टर्बो दाब धरत नाही, म्हणून पुतण्याच्या मांडीवर फळी देऊन सिमरोलचा घाट भरल्या गाडीनं चढवला. जास्तीत जास्त ३१०. डिझेल इंजिनांना साधारण २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटरपर्यंतचा अडथळा चालतो असं धरतात. म्हणजे मी इतकी वर्षं अर्धं आयुष्य शिल्लक असलेले फिल्टर फेकत होतो. ही रात्र मी नीट झोपलो नाही.

आणि पंक्चरवाल्याकडून दर आठवड्याला हवा मारून घेत होतो ते वेगळंच. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक गाळतो. त्याच्या शंभर पौंडांच्या फुंकरीनं थर तर जातोच, कागदाची घडीही फाटते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च आतून लावून बघा. बाजारातल्या २४० रुपयांच्या एका फिल्टरला मी तसा लावला, तर नवा असून गोंदाच्या कडेनं चांदणं पडलं होतं.

बदल मी दोन केले. एप्रिलात, उशिराच्या गव्हाच्या मळणीत, हवा घ्यायच्या तोंडावर आईच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा बांधला. भुसा अडवायला झकास, संध्याकाळी झटकला की साफ. पण मेअखेरीस वळवाच्या सरीत ओला झाला, तोंडावर चिकटला आणि नळीतलं पाणी सरसर चढायला लागलं. काढला. ओल्या दिवसांत साडी नको.

दुसरा बदल ट्रॅक्टरचा प्री-क्लीनर, तो पारदर्शक टोपीवाला. बाबांच्या जुन्या ट्रॅक्टरला त्याच्याखाली तेलाचं भांडं होतं. "त्याला कधी क्लिप नव्हती," हे ते दिवसातून एकदा सांगतात. आत तिरपी पाती असतात, हवा गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाऊन टोपीत पडते. आधी ३५ एचपीच्या ट्रॅक्टरचा लावला, तर नळी १४० वरून थेट ३३० वर. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार आरपीएमला निवांत श्वास घेतं, आपलं टर्बोवालं त्याच्या दुप्पट ओढतं. तो परत केला (दुकानदारानं पन्नास कापले) आणि मोठ्या ट्रॅक्टरचा आणला: १९०. चालेल. जोडायला पहिल्यांदा आपल्याच दुकानातला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी एल्बो वापरला. पाइप विकणाऱ्याला तरी कळायला हवं होतं, पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिना, बॉनेटखाली टर्बो. चार दिवसांत एल्बो अंडाकृती. आता जाड रबरी होज आणि स्टीलचे क्लॅम्प.

दिसायला वाईट दिसतं. काचेच्या खांबाला टेकून टोपी उभी. नाक्यावर पोरं विचारतात, "भिया, ट्रॅक्टर है क्या?" पण तीन दिवसांत टोपीत अर्धी वाटी माती जमते, जी आधी फिल्टरवर बसत होती. मे-जूनमध्ये मी ती वर्तमानपत्रावर ओतून दुकानात येईल त्याला दाखवत होतो. गाडी रिकामी उभी राहून घुरघुरते तेव्हा हा काही कामाचा नाही, हवेला जोर हवा. पावसात चिखल होतो, धुवावा लागतो. तरी अकरा महिन्यांत ज्यावर खर्च केला त्यातलं एवढंच मनापासून आवडलं.

सध्या कंपनीचाच कागदी आहे, जूनपासून, फुंकर न मारता. महिन्यातून एकदा बोट, दोन महिन्यांतून एकदा नळी. सर्व्हिस दसऱ्याच्या आत आहे. डबा उघडताना मी शेजारी उभा राहणार, खिशात एक क्लिप घेऊन.

लाल फिल्टर माळ्यावर आहे, धुतलेला. इंदुरात कोणाला हवा असेल तर १,८०० ला देतो. खोका आहे, तेलाची बाटली अर्धी आहे.