जीपचं बॉनेट आणि हूक सेट करून घेतले, अक्कलकोट रोडचं गॅरेज

आमची महिंद्राची सीजे थ्री बी जीप, वडिलांच्या काळातली, पूर्ण रिस्टोर करून घेतली. इंजिन, वायरिंग, पेंट सगळं झालं पण बॉनेट काय बसेना. उजवीकडं मडगार्डवर घासायचं, डावीकडं बोट जाईल एवढी फट, आणि हूक लावायचं म्हटलं की एकानं वरून दाबायचं आणि दुसऱ्यानं हूक ओढायचा. पेंटवाल्यानं फट दिसू नये म्हणून हूकच ताणून बसवले होते, तर हुकाच्या पट्टीजवळ नवीन रंगाला चिरा पडायला लागल्या, जीव नुसता तुटायचा बघून.

मग एकानं सोलापुरातलं अक्कलकोट रोड एमआयडीसीकडचं हे डेंटिंगचं गॅरेज सांगितलं. बोर्ड नाही, पत्र्याचं शेड आहे, पण काम एक नंबर.

मिस्त्रींनी सगळ्यात आधी दोन्ही हूक काढूनच ठेवले. म्हणाले, "मालक, हूक बॉनेट धरायला असतंय, वाकवायला नव्हं." मग काचेखालच्या लांब बिजागरीचे स्क्रू ढिले करून बॉनेट नुसतं ठेवून बघितलं, काउलपासून (काचेखालच्या पत्र्यापासून) शोच्या, म्हणजे पुढच्या जाळीच्या, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेपनं तिरकं माप घेतलं आणि तिथंच कळलं की बॉनेट सरळ आहे, शो एका बाजूला कलला आहे. रिस्टोरेशनमध्ये शोखालचं रबर पॅकिंग एका बाजूला जाड पडलं होतं. मडगार्ड शोलाच बोल्टनं धरलेले, त्यामुळं शो कलला की मडगार्ड पण त्याच्याबरोबर जातात, आणि दोष मात्र बॉनेटला! पॅकिंग बदललं, शो सरळ झाला आणि निम्मी फट तिथंच गेली. त्यानंतर मडगार्डचे बोल्ट, मग बिजागरी थोडी सरकवून टाइट केली आणि हूक सगळ्यात शेवटी, ते पण बॉनेट आपोआप टेकल्यावर स्प्रिंगला जेवढा ताण पाहिजे तेवढाच. नंतर कागदाची पट्टी बॉनेटखाली ठेवून ठिकठिकाणी ओढून बघितली, सगळीकडं सारखीच अडकत होती. एवढा धीर असलेला माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

थ्री बीला हे काम जास्तच लागतं. १९५३ साली जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीनं, विलीजनं, यात हरिकेन एफ-हेड इंजिन बसवलं, हवा-इंधन आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर इंजिनच्या हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट पण उंच करावं लागलं. बाजूचे पत्रे एवढे मोठे आणि उभे आहेत की फट जरा वाकडी असली तरी लांबून डोळ्यात भरते. शिवाय काच पुढं पाडली की ती बॉनेटवरच टेकते, बॉनेट नीट बसलेलं नसेल तर सगळा भार एकाच कोपऱ्यावर.

आता रस्त्यावर घेतली की आवाज नाही. आधी स्पीडब्रेकरवर बॉनेट असं आपटायचं की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. शोवरची कापडी पट्टी पण त्यांनी नवीन बसवून दिली, ती नसेल तर पत्र्यावर पत्रा घासतो आणि रंग जातोच.

तक्रार म्हणाल तर वेळ लई लावतात आणि फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही म्हणून फिटिंगचं काम सकाळीच घेतात, उशिरा गेलात तर गाडी दुसऱ्या दिवसावर. पक्कं बिल मिळत नाही. मजुरी इतरांपेक्षा जास्त आहे पण मी आनंदानं दिली. रंगाचं टचअप ते करत नाहीत, ते वेगळं बघावं लागेल.

जाताना रबर आणि पट्टी आपणच घेऊन जा, दोन्ही बाजूचं रबर एकाच जाडीचं आहे का दुकानातच बघून घ्या. आणि जमलं तर पेंटच्या आधी गाडी दाखवा, कोऱ्या पत्र्यावर गरज पडली तर ते बोल्टची भोकं पण मोठी करून देतात, रंग झाल्यावर त्याला हात लावत नाहीत.