नाइटनंतरची झोप: ब्लॅकआउट पडदे, इअरप्लग आणि बाकीचं सामान, पैसे कशावर घालावेत

रात्री आठ ते सकाळी आठ नाइट, मग ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं), अर्धवट राहिलेले चार्ट, मग बस किंवा लोकल. नर्स घरी पोचते तेव्हा साडेनऊ होऊन गेलेले असतात. मूल जागं असतं, कुकरची शिट्टी चालू असते आणि पूर्वेच्या खिडकीतलं ऊन थेट गादीवर आलेलं असतं. दिवसाची झोप मुळातच रात्रीपेक्षा आखूड आणि उथळ. त्यातला अर्धा तास जरी उजेडाने किंवा बेलने खाल्ला, तरी त्याच रात्री पहाटे चारच्या इंजेक्शनच्या वेळी तो जाणवतो. म्हणून झोपेसाठी मिळणारं सामान इथे एकाच मापाने तपासलं आहे: नाइट करणारी बाई आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल.

आधी पडदे, कारण सगळ्यात जास्त फरक त्यांनी पडतो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही त्यांच्यातच होते.

‘ब्लॅकआउट’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कापडं विकली जातात. एक विणीचं: पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्ये काळा धागा विणलेला. मऊ असतं, छान पडतं, मशिनला धुता येतं, पण त्यातून थोडा उजेड येतोच. दुसरं लेपाचं: मागच्या बाजूला पांढरा-काळा-पांढरा असा लेप दिलेला. यातून उजेड जवळपास काहीच येत नाही. दुकानात ओळखायची सोपी खूण म्हणजे मोबाइलचा टॉर्च कापडाला मागून चिकटवून लावायचा. चाळणीसारखे बारीक ठिपके दिसले तर ते विणीचं. काहीच दिसलं नाही, फक्त शिलाईच्या ओळीवर टाचणीएवढे बिंदू चमकले, तर ते लेपाचं. विकणारा काय सांगतो यापेक्षा या टॉर्चवर विश्वास ठेवावा. ऑनलाइन घेताना ही परीक्षा करता येत नाही, म्हणून परत करण्याची मुदत असलेलंच घ्यावं आणि पडदा टांगण्याआधी टॉर्च लावून पाहावा.

उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीला विणीचं कापड अस्तर लावून पुरतं. पश्चिमेच्या खिडकीला, दुपारी तीनपर्यंत झोपायचं असेल तर, लेपाचंच हवं. त्याची दुखणीही माहीत असलेली बरी. नवं असताना वास येतो. बाळ त्याच खोलीत झोपत असेल तर आधी दोन-तीन दिवस गॅलरीत सावलीत टांगून ठेवा. गरम पाण्यात किंवा मशिनच्या ड्रायरमध्ये टाकला, पिळला किंवा लेपावर इस्त्री फिरवली की लेपाला भेगा पडतात, मग तो पापुद्र्यांनी सुटतो आणि पडद्यात तारे चमकायला लागतात. थंड पाण्यात बुडवून, न पिळता, निथळत टाकावा. घडी घालून कपाटात ठेवला तर उन्हाळ्यात लेप लेपाला चिकटतो, म्हणून गुंडाळून ठेवावा.

पण कापड कितीही चांगलं असलं तरी काळोख बिघडवतो तो रॉड. रिंगवाला पडदा भिंतीपासून तीन-चार इंच पुढे लटकतो आणि दोन्ही कडांनी, वरून उजेड आत ओततो. महागडा पडदा लावूनही ‘खोली काळी होत नाही’ अशी जी तक्रार असते, ती दहातल्या नऊ वेळा या फटीची असते. उपाय सुताराचा आहे, पैशांचा नाही. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना आठ ते दहा इंच पुढे जाऊ द्यावा, चौकटीच्या वर सहा-आठ इंचांवर बसवावा, आणि पडदा खिडकीच्या खाली किमान आठ इंच उतरावा. बाजारात तयार पडदा चार फूट रुंद मिळतो, उंची पाच, सात किंवा नऊ फूट. चार फुटी खिडकीला साडेपाच फुटी रॉड येतो. त्यावर दोन पडदे ओढून कसेबसे पुरतात आणि मधली फट उघडी राहते. तीन घ्या. पाच फुटी उंचीचा पडदा खिडकीपुरताच येतो, सात फुटी घेतला तर खालचा उजेडही अडतो.

बाजूच्या कडेला वेल्क्रोची पट्टी लावली की उरलेली फट बंद होते. ती डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटवू नका, पावसाळ्यात ओल धरली की रंगासकट सुटून येते. अॅल्युमिनियमच्या किंवा लाकडी चौकटीवर चिकटवा. जुन्या चाळीत आणि क्वार्टर्समध्ये दाराच्या वर झरोका असतो, तो हमखास विसरला जातो. त्याला काळा जाड कार्डशीट कापून लावला की काम झालं. दाराखालच्या फटीसाठी फोमची दुहेरी पट्टी मिळते, शे-दीडशेत येते, उजेडाबरोबर स्वयंपाकघरातला आवाजही थोडा अडवते.

रोलर ब्लाइंड दिसायला नेटका, पण चौकटीच्या आत बसवला तर दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवतो. शिवाय त्याची मण्यांची साखळी लोंबकळत असते. लहान मुलाच्या गळ्यात अडकण्याचा तो खरा धोका आहे. घ्यायचाच असेल तर साखळी भिंतीला खिट्टीने घट्ट बांधून, मुलाचा हात पोचणार नाही अशी, आणि पलंग किंवा पाळणा खिडकीपासून दूर.

नागपूर-अकोल्याकडच्या घरांत यात वेगळी अडचण येते. मे महिन्यात कूलर खिडकीतच बसतो, आणि त्याच्या समोर पडदा येऊ शकत नाही, नाहीतर हवा अडते. तिथे कूलरची खिडकी सोडून बाकीच्या खिडक्या काळ्या करून डोळ्यांवर पट्टी बांधणं हाच मार्ग. पट्टी घेताना डोळ्यांच्या जागी वाटीसारखा खोलगट आकार असलेली घ्या, म्हणजे पापण्यांवर दाब येत नाही. सपाट सॅटिनची पट्टी नाकाच्या बाजूने उजेड सोडते आणि कुशीवर वळलं की सरकते. नुसत्या पट्टीवर मात्र भिस्त ठेवू नये. घामाने ती झोपेतच काढून फेकली जाते.

आता कान. केमिस्टकडे आणि सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात फोमचे नारिंगी बोळे मिळतात, थ्रीएम ११०० त्यातलेच, २९ डेसिबल आवाज अडवण्याच्या रेटिंगचे. कारखान्यातल्या कामगारांसाठी बनवलेले, आणि प्रवासाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महाग डब्यांपेक्षा चांगले. मात्र ते २९ तेव्हाच मिळतात जेव्हा बोळा नीट बसतो. बोटांत लाटून सुरकुती न पडता बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी दाबतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट बोळ्यांनी चांगला अडतो. शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग आणि मिक्सरची घरघर मात्र कमीच अडते, कारण तो जाड आवाज भिंतीतून आणि गादीतून येतो. फोम मळून कडक झाला की फेकून द्यावा. कानात मळ जास्त असेल तर आधी कान दाखवून घ्यावेत, बोळा मळ आत ढकलतो.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या. घरात मुलाकडे बघणारं जागं, मोठं माणूस नसेल तर बोळे घालायचेच नाहीत. आणि ते उशीखाली किंवा टेबलावर टाकायचे नाहीत. रांगणारं मूल हाताला लागलं ते तोंडात घालतं, आणि हा बोळा घशात अडकण्याच्या मापाचाच आहे. झाकणाची डबी, तीही उंचावर.

एकसुरी आवाज करून बाकीचे आवाज झाकणारी मशिन घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाचवर फिरणारा सीलिंग फॅन तेच काम करतो. मशिनचे पैसे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला. लोडशेडिंगमध्ये पंखा थांबतो त्या क्षणी झोप मोडते, आणि मग ती परत लागत नाही.

बेलवर मात्र खर्च करा. कुरियर, गॅस, दूध, सोसायटीची वर्गणी, सगळे अकरा ते एकच्या मध्ये येतात. इलेक्ट्रिशियन बेलच्या वायरीत एक साधा बटणाचा स्विच बसवून देतो. पडदा ओढला की स्विच बंद. या सगळ्या यादीत एवढ्या कमी खर्चात एवढी झोप देणारी दुसरी वस्तू नाही. फोनला ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून तीनच नंबर मोकळे ठेवावेत: पाळणाघर किंवा बालवाडी, घरातलं माणूस आणि वॉर्ड. वॉर्ड यासाठी की ड्रग कपाटाची किल्ली एप्रनच्या खिशातून घरी येते, हे प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. निघताना लिफ्टपाशी खिसे चाचपले तर तो फोनही वाचतो. अँड्रॉइडमध्ये ‘रिपीट कॉलर’ची सोय चालू ठेवली तर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करणाऱ्याचा आवाज येतो, म्हणजे खरी अडचण असलेला माणूस पोचतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, रंग कळतो. दाराच्या कडीला लाल पंचा अडकवला की आई झोपली, काढला की दार ढकलायचं. पंचा रोज त्याच्याच हातून अडकवून घ्यायचा, मग तो पाळतो.

अंगावर पिणारं बाळ असेल तर ब्रेस्ट पंपाचं दोन शब्दांत. डबल इलेक्ट्रिक, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकदम काढणारा घ्या, वीस मिनिटांत होतं. बंद प्रकारचा, म्हणजे दूध नळीत शिरू न देणारा पडदा असलेला. उघड्या प्रकारात नळीत बुरशी धरते. पॉवर बँकेवर चालणारा हवा, कारण चेंजिंग रूममध्ये प्लग रिकामा सापडेलच असं नाही. रात्री दर तीन-चार तासांनी काढलं तर छाती दाटत नाही. शिवाय प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन रात्री जास्त असल्यामुळे तेव्हा दूध चांगलं येतं. ओढ कमी झाली की मोटरला दोष देण्याआधी रबरी व्हॉल्व्ह बदलून पाहा, तोच आधी ढिला पडतो. एक जादा पर्समध्ये असू द्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्याकडचा वॉर्ड एवढा थंड बहुधा नसतो, म्हणून बर्फाच्या पॅकसह थर्मल बॅग, त्यात चोवीस तास, आणि घरच्या फ्रीजमध्ये चार दिवस. बाटलीवर तारीख-वेळ लिहावी. लसींच्या किंवा इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये ती ठेवायची नाही, पाच मिनिटांपुरतीही नाही. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत ड्युटीत दोन वेळा स्तनपानासाठीची सुट्टी कायद्याने मिळते, ती इन्चार्ज सिस्टरकडे लेखी मागावी. हिरकणी कक्ष (स्तनपानासाठीची खोली) असेल तर तिथे प्लग आणि आतून कडी आहे का, ते दिवसाउजेडी जाऊन बघून ठेवा.

नाइट संपून ऑफ लागला की त्या दिवशी पडदे तीनपर्यंत ओढून ठेवू नका. दोन-तीन तास झोपून साडेबाराला ते सरकवायचे, ऊन अंगावर घ्यायचं आणि मुलाबरोबर जेवायला बसायचं. मग रात्री दहाला झोप लागते.