मॉडेलांसाठी एअरब्रश आणि टाकीचा कॉम्प्रेसर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

०.३ मिलिमीटर सुईचा डबल-ॲक्शन एअरब्रश (हवेच्या झोताने रंग फवारणारे, पेनासारखे धरायचे साधन) आणि तीन लिटर टाकीचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर ही जोडी मी हिवाळा सरताना घेतली. आता उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा तिच्यावर काम केल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे: प्लॅस्टिकच्या मॉडेलचा पृष्ठभाग चांगला उतरणे हे एअरब्रशच्या किमतीपेक्षा त्यात येणाऱ्या हवेच्या कोरडेपणावर आणि स्थिर दाबावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे हात राखून खर्च करणाऱ्याने एअरब्रश मध्यम प्रतीचा घ्यावा, परंतु टाकी, दाब-नियंत्रक आणि पाणी अडवणारा सापळा यांत काटकसर करू नये.

माझे मुख्य काम होते १:४८ प्रमाणातले मिग-२१ एफएल हे लढाऊ विमान. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेले हे विमान मला रंग न दिलेल्या, उघड्या धातूच्या रूपातच हवे होते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर जेमतेम १५ सेंटिमीटर. एवढ्या आकारात ब्रशाचा एक जाड फटकारा प्रत्यक्षातल्या बोटभर थराइतका ढोबळ दिसू शकतो. धातूछटेचे लॅकर (झटपट वाळणारा, तीव्र वाफांचा रंग) तर खालचा कोणताच दोष झाकत नाही. या विमानाचा सांगाडा, म्हणजे मधले धड, डाव्या-उजव्या दोन अर्ध्या भागांत येतो आणि त्यांचा सांधा पाठीच्या कण्यावरून थेट शेपटीपर्यंत जातो. पुट्टी भरून ४०० पासून २००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासल्यावर तो सांधा बोटाला लागेनासा झाला, तरी करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, पातळ हात दिल्यावर कॉकपिटच्या मागे केसासारखी एक रेघ उमटलीच. एअरब्रशने दिलेला प्रायमर इतका पातळ आणि एकसारखा बसतो की तो दोष बुजवत नाही, दाखवून देतो. आणि मला त्याचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

डबल-ॲक्शनची सवय लागायला वेळ द्यावा लागतो. खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग येतो, आणि थांबताना आधी रंग बंद करून मग हवा सोडायची असते. हा क्रम हातात भिनेपर्यंत जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावरच सराव करणे योग्य. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे ॲक्रिलिक रंग त्यांच्याच एक्स-२० ए थिनरमध्ये दुधाइतके पातळ केले, तर १५ ते १८ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबावर ते निर्वेध चालतात. धातूछटेसाठी मी चकचकीत काळा थर देऊन तो पूर्ण वाळू दिला आणि मग दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवून अगदी हलके हात दिले. खालचा काळा जितका आरशासारखा, तितका वरचा धातू खरा वाटतो.

पावसाळ्यात मात्र या संचाची खरी परीक्षा झाली. हवा दाबली गेली की तिच्यातली वाफ टाकीत आणि नळीत थंड होऊन पाणी बनते, आणि जुलैमध्ये ते पाणी इतके साठते की टाकीखालची चावी रोज काम संपल्यावर उघडावी लागते. कॉम्प्रेसरला जोडूनच आलेला सापळा पुरेसा ठरला नाही, कारण तिथे हवा अजून गरम असते. नळीच्या दुसऱ्या टोकाला, एअरब्रशच्या मुठीखाली दुसरा छोटा सापळा बसवल्यावर रंगात थेंब येणे थांबले. लॅकर पांढरट पडण्यावर मात्र सापळ्याचा इलाज चालत नाही. तो पांढरटपणा आणणारे दव भोवतालच्या दमट हवेतून, बाष्पीभवनाने थंड झालेल्या पृष्ठभागावर धरते. म्हणून सावकाश वाळणारा थिनर वापरावा किंवा सरळ उघडीप पडण्याची वाट पाहावी.

टाकीमुळे दाबातली धडधड नाहीशी होते आणि मोटारीला विश्रांती मिळते. तिच्याकडून साठ्याची अपेक्षा ठेवू नये. दाब चार बारवरून एक बारपर्यंत (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) उतरताना तीन लिटर टाकी साधारण नऊ लिटर मोकळी हवा देते. लाईट गेली तर हातातला थर संपवून एअरब्रशचा रंगाचा कप धुण्याइतपतच ती पुरते. आवाज सोसायटीत चालण्याजोगा आहे. लॅकरसाठी धुळीचा साधा मास्क निरुपयोगी असून सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज असलेलाच मास्क घ्यावा.

कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मी आमच्या मॉडेलकारांच्या गटात, बाजूने पडणाऱ्या उजेडात काढून पाठवत गेलो. पूर्ण झालेल्या मॉडेलचे कौतुक होते, पण अर्धवट मॉडेलवर खरी मदत मिळते, हे मी आवर्जून सांगेन. कण्यावरची ती रेघ प्रायमरच्याच टप्प्यावर दोघांना दिसली आणि धातू चढवण्याआधी ती काढता आली. ओझरला नोकरी केलेल्या एका ज्येष्ठ काकांनी चांदीसारखा एकसुरी चमकणारा सांगाडा पाहून लिहिले, "अहो, विमानाचे सगळे पत्रे सारखे चमकत नाहीत, आणि मागचे टोक तर तापून काळवंडलेले असते." त्यांच्या सांगण्यावरून मी चिकटपट्ट्यांनी झाकून काही पत्रे गडद, काही फिकट केले आणि जेट पाइपभोवती, म्हणजे मागच्या टोकाच्या गरम वायूच्या नळीभोवती, जळका तपकिरी व निळसर हात अत्यंत विरळ दिला. विमानाच्या नाकाशी हवा आत घेणाऱ्या तोंडातल्या हिरव्या शंकूच्या जोडीला तो फरक आता फार देखणा दिसतो. एवढा विरळ हात ब्रशाने मला कधीच जमला नसता.

तक्रार एकच आहे, ती सुट्या भागांची. नॉझल, म्हणजे रंग बाहेर पडण्याची तोटी, नखाच्या टोकाहून लहान असते आणि पाना किंचित जास्त आवळला तर त्याला चीर जाते. विक्रेत्याने दुसरे पाठवायला इतके आठवडे लावले की मधल्या काळात काम बंद पडले. एअरब्रश मागवतानाच जोडीला एक जादा नॉझल आणि त्याच मापाची सुई मागवून ठेवावी.