जर्नल क्लब की चेकलिस्ट?
वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनाचा पेपर पारखायला कसं शिकवावं, हा प्रश्न. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपरवरच्या चर्चेच्या बैठकीत, एकजण पेपर वाचून स्लाइड्स करतो, बाकीचे माना डोलावतात. चर्चा सारांशापाशीच अडते; पद्धतींचा भाग कुणी उघडतच नाही. चेकलिस्टच्या तासाला प्रत्येकाच्या हातात तोच पेपर, ठरलेल्या प्रश्नांची यादी आणि पेन्सिल: रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले का, किती रुग्ण मध्येच गळले, विश्लेषणात ते धरले का? मग आकडे. मृत्यू ४ टक्क्यांवरून ३ वर आले की लेखक ‘२५ टक्के घट’ लिहितात. प्रत्यक्ष फरक १ टक्का, म्हणजे एक मृत्यू टाळायला १०० जणांना औषध. हे गणित स्वतः केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

चेकलिस्टची खोड एकच: मुलं नुसते टिकमार्क करत सुटतात. म्हणून प्रत्येक ‘हो’पुढे पेपरमधलं वाक्य उतरवायला लावावं. नवशिक्यांना आधी हीच. जर्नल क्लब नंतर.