पार्ट डी: झिरो प्रीमियमचा प्लॅन घ्यायचा की महिना ४५ डॉलरवाला?

मी विमा एजंट, ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. "आईबाबांसाठी सगळ्यात स्वस्त औषधांचा प्लॅन कुठला ते सांगा फक्त." मी म्हणतो, आधी गोळ्यांची यादी पाठवा, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि औषधं कुठल्या फार्मसीतून आणता तेही. त्याशिवाय मेडिकेअरचे (अमेरिकेतला मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट डी, म्हणजे औषधांचे, प्लॅन कंपेअर करणं म्हणजे मापं न घेता ब्लाउज शिवणं.

समजायला सोपं जावं म्हणून दोन काल्पनिक प्लॅन घेऊ, पण आकडे बाजारात दिसतात तसलेच. 'अ' चा प्रीमियम शून्य, पण ब्रँडेड औषधांवर ६१५ डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आधी पूर्ण आपणच भरायची रक्कम (२०२६ मध्ये यापेक्षा जास्त लावताच येत नाही) आणि ते संपलं की किमतीच्या २५ टक्के आपले. 'ब' चा प्रीमियम महिना ४५, डिडक्टिबल नाही, ब्रँडेड औषधाला महिन्याला सरळ ४७ डॉलर कोपे, म्हणजे आपला ठरलेला वाटा. साध्या जेनेरिक गोळ्या दोन्हीकडे जवळपास फुकट.

आता ज्यांना नुसत्या मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, अटोर्वास्टॅटिन अशा जेनेरिक गोळ्या आहेत त्यांना प्रश्नच नाही, 'अ' घ्या, 'ब' मध्ये वर्षाला ५४० डॉलर उगाच जातील.

पण एखाद्या काकांचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि एलिक्विस ही रक्त पातळ करणारी ब्रँडेड गोळी चालू आहे असं धरा. सरकारने घासाघीस करून ठरवलेली तिची किंमत १ जानेवारी २०२६ पासून ३० दिवसांना २३१ डॉलर आहे, म्हणजे वर्षाचे २७७२. 'अ' मध्ये आधी ६१५ पूर्ण आणि उरलेल्याचे २५ टक्के, मिळून साधारण ११५४. 'ब' मध्ये कोपेचे ५६४ आणि प्रीमियमचे ५४०, झाले ११०४. अख्ख्या वर्षात ५० डॉलरचा फरक! सोबत डायबेटिसची ब्रँडेड जार्डियन्स असेल (किंमत १९७) तर 'अ' १७४५ आणि 'ब' १६६८, परत तेच. पण 'अ' मध्ये काकांना जानेवारीत काउंटरवर २३१, फेब्रुवारीत परत २३१, मार्चमध्ये १७० च्या आसपास आणि मग एकदम ५८ वर येतं, आणि जानेवारीतच घाबरून गोळी अर्धी करून खाणारे लोक मी पाहिलेत. त्यासाठी २०२५ पासून सोय झालीये, हा खर्च बिनव्याजी महिन्याच्या हप्त्यांत पसरवून मिळतो, फक्त प्लॅनला फोन करून मागावं लागतं, आपोआप होत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे कॅन्सर किंवा संधिवाताची हजारो डॉलरची औषधं. इथे २०२६ ची वरची मर्यादा कामी येते, प्लॅनच्या यादीतल्या औषधांसाठी खिशातून वर्षाला २१०० च्या पुढे जात नाही. प्रीमियम मात्र या २१०० मध्ये धरत नाहीत, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे 'अ' वाला २१०० वर थांबतो आणि 'ब' वाल्याचे वरून ५४० जातात. 'ब' सारख्या प्लॅनमध्ये कंपनीने दिलेली जादा सवलतही मर्यादेत मोजतात, त्यामुळे काहींना २१०० च्या आधीच सुटका मिळते, पण ५४० वसूल होतीलच असं नाही. म्हणजे महागडा प्लॅन परवडला तर मधल्या गटाला, आणि तोही काठावर.

हे सगळं औषध यादीत असेल तरच. एलिक्विस, जार्डियन्स ही घासाघिशीतली औषधं आता सगळ्या प्लॅनना ठेवावीच लागतात, पण बाकीच्यांचं तसं नाही, आणि यादीत नसलेल्या औषधाला घातलेले पैसे त्या २१०० मध्ये मोजत नाहीत. यादीत असलं तरी पुढे 'प्रायर ऑथरायझेशन' (कंपनीची आधी परवानगी) लिहिलंय का ते बघा, नाहीतर डॉक्टरचं ऑफिस आणि कंपनी यांच्यात फॅक्स फिरत राहतात आणि आई चार दिवस गोळीविना. आणि फार्मसी! तीच गोळी तोच प्लॅन, पण प्रिफर्ड दुकानात शून्य आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दहा-पंधरा डॉलर, असंही होतं. इन्सुलिनची काळजी नको, यादीतलं असेल तर कुठल्याही प्लॅनमध्ये एका प्रकारच्या इन्सुलिनला महिन्याला ३५ च्या वर नाही.

मग विचारतात, अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमध्ये (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) औषधं आतच येतात, वेगळा पार्ट डी कशाला? पण त्यासोबत डॉक्टरांचं नेटवर्कही गळ्यात येतं, आणि नंतर ओरिजिनल, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरला परत यायचं तर बऱ्याच राज्यांत मेडिगॅप (मेडिकेअर न भरलेला वाटा भरणारा जोडविमा) कंपनी तब्येतीची चौकशी करून नकार देऊ शकते. नुसत्या औषधांच्या हिशोबावर ही उडी मारू नये असं माझं मत.

मुलांनी ग्रीन कार्डवर आणलेल्या आईबाबांना तर बहुतेक वेळा अ‍ॅडव्हांटेजचा पर्यायच नसतो. पाच वर्षं सलग राहिल्यावर ते पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा) विकत घेतात, पार्ट ए (हॉस्पिटलचा) चे २०२६ च्या दराने महिना ५६५ डॉलर कोण भरणार म्हणून सोडून देतात, आणि अ‍ॅडव्हांटेजला ए आणि बी दोन्ही लागतात. पार्ट डी ला दोनातलं एक पुरतं, त्यामुळे यांनी स्टँडअलोन, म्हणजे नुसत्या औषधांचा वेगळा प्लॅनच बघायचा. "आम्ही गोळ्या पुण्याहून आणतो, कशाला प्लॅन" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, पुण्याच्या गोळ्या म्हणजे कव्हरेज नव्हे. पात्र असून प्लॅनविना तीन वर्षं काढली तर २०२६ च्या दराने महिना १४ डॉलर दंड, आणि तो पार्ट डी असेपर्यंत चिकटतो. शून्य प्रीमियमचा प्लॅन निदान तेवढं तरी वाचवतो.

एक माझ्याच धंद्याविषयी. एजंटकडे सगळ्या कंपन्या नसतात, आणि काही कंपन्या काही स्टँडअलोन प्लॅनवर आम्हाला कमिशनच देत नाहीत, त्यामुळे तो प्लॅन तुमच्या कानावरच येणार नाही असं होऊ शकतं. मेडिकेअरच्या साइटवर प्लॅन फाइंडर आहे, त्यात गोळ्या आणि फार्मसी टाका आणि 'प्रीमियम कमी' असं न लावता 'औषधं अधिक प्रीमियम, वर्षाचा एकूण खर्च' या क्रमाने लावून बघा. जमत नसेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची फुकट सल्ला देणारी सरकारी सोय आहे, ते काही विकत नाहीत.

प्लॅन निवडायची किंवा बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. तोवर कितीदाही बदला, शेवटचा अर्ज धरतात. जानेवारी ते मार्चमध्ये एकदा बदलायची संधी असते खरी, पण ती अ‍ॅडव्हांटेजवाल्यांना, स्टँडअलोनवाल्यांना नाही.